वासरांतील जन्मजात व्यंगे आणि वळूचा क्रमांक : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकाची उत्तरे

जन्मतः दिसणारे प्रत्येक व्यंग आनुवंशिक नसते आणि प्रत्येक आनुवंशिक दोष जन्मतः दिसतोच असेही नाही. वाचकांच्या पत्रांत या दोन गोष्टींची गल्लत वारंवार आढळते, म्हणून या वेळी त्याच विषयावरील निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे चार एच.एफ. (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आहेत. त्यांपैकी एकीचे वासरू दोन महिन्यांचे असताना त्याच्या हिरड्यांना जखमा झाल्या, हगवण थांबेना, शिंग जाळल्याची जखमही भरली नाही आणि चौथ्या महिन्यात ते दगावले. गाय पुन्हा त्याच वळूच्या कांडीने (गोठीत वीर्याच्या नळीने) भरवली, तर दुसरे वासरूही त्याच पद्धतीने गेले. शेजारी म्हणतात, या गाईचे दूध वासराला बाधते. गाय काढून टाकावी काय? — एक दुग्धोत्पादक, ता. राहुरी

उत्तर : गाय विकण्याची घाई करू नये. आईचे दूध वासराला बाधते हा समज निराधार आहे. मात्र वेळेवर चीक न मिळणे, कॉक्सिडिया (आतड्यातील सूक्ष्म परजीवी), जंत, कोंदट आणि ओला गोठा या साध्या कारणांनीही हगवण आणि न्यूमोनिया होतात व बहुतेक गोठ्यांत शेवटी कारण तेच निघते, त्यामुळे प्रथम त्यांचा विचार करावा. परंतु गाय तीच, वळू तोच, हिरड्यांच्या जखमा आणि न भरणारी साधी जखम हे सर्व एकत्र आले असल्यामुळे आपल्या बाबतीत एका आनुवंशिक दोषाची शंका घेणे रास्त ठरते. पशुवैद्यक त्याला ‘ब्लॅड’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. या दोषात पांढऱ्या पेशी भरपूर तयार होतात, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर जे प्रथिन लागते ते सदोष असते. परिणामी जंतू शिरलेल्या जागी या पेशी पोहोचत नाहीत आणि रक्तातच साचत राहतात. निरोगी वासराच्या एक मायक्रोलिटर रक्तात साधारण चार ते बारा हजार पांढऱ्या पेशी असतात. या दोषात तो आकडा चाळीस हजारांच्या वर आणि काही वेळा त्याहून पुष्कळ पुढे जातो. पुढच्या वेळी असे वासरू आजारी पडल्यास, निदान न करता प्रतिजैविकांवर हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी रक्तपेशींची ही साधी मोजणी अवश्य करून घ्यावी.

हा दोष अप्रभावी जनुकामुळे येतो, म्हणजे सदोष जनुक आई आणि बाप अशा दोघांकडूनही मिळाले तरच वासरू आजारी पडते. ज्या गाईत किंवा वळूत एक प्रत सदोष आणि एक निर्दोष असते तो ‘वाहक’ असतो. तो धष्टपुष्ट असतो, त्याच्या संततीचे दूध भरघोस असू शकते, आणि त्याच्याकडे पाहून कोणालाही काही कळत नाही. वाहक गाय वाहक वळूने भरवली तर प्रत्येक वेतात आजारी वासरू होण्याची शक्यता चारात एक असते. लागोपाठ दोन वासरे अशी निघण्याची शक्यता सोळात एक येते, म्हणजे ती दुर्मीळ असली तरी अशक्य नाही.

या दोषाचा इतिहास सांगण्यासारखा आहे, कारण त्याच्या मुळाशी निकृष्ट नव्हे तर उत्कृष्ट वळू होते. सदोष प्रथिनासाठी जबाबदार असलेला जनुकातील बदल अमेरिकेतील संशोधकांनी १९९२ मध्ये निश्चित केला. त्या बदलाचा माग वंशावळीतून मागे काढत गेल्यावर तो १९५२ मध्ये जन्मलेल्या ‘ऑस्बॉर्नडेल आयव्हनहो’ या होल्स्टीन वळूपर्यंत पोहोचला. त्याच्या वंशातील ‘कार्लिन-एम आयव्हनहो बेल’ या वळूच्या मुली दुधाला इतक्या उत्तम निघाल्या की त्याचे गोठीत वीर्य जगभर वापरले गेले. चाचणी उपलब्ध झाली तेव्हा अमेरिकेत कृत्रिम रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या होल्स्टीन वळूंपैकी साधारण सातात एक वाहक निघाला. पुढे डेन्मार्कमध्ये मणक्यांच्या विकृतीचा, ज्याला ‘सीव्हीएम’ म्हणतात, एक स्वतंत्र दोष उघडकीस आला आणि त्याचाही वाहक हाच बेल निघाला. या दुसऱ्या दोषाची बरीचशी पिल्ले गाभणकाळातच मरतात, त्यामुळे पशुपालकाला ‘गाय उलटली’ किंवा ‘गाभ टाकला’ एवढेच दिसते आणि संशय भलतीकडेच जातो.

भारतातील एच.एफ. आणि संकरित वळूंमध्येही ब्लॅडचे वाहक आढळले आहेत. म्हणूनच केंद्र शासनाने गोठीत रेतमात्रांसाठी ठरवलेल्या किमान मानकांत वळूंची गुणसूत्र तपासणी आणि एच.एफ. व त्याच्या संकरित वळूंची ब्लॅड, सिट्रुलिनेमिया (रक्तात अमोनिया साचण्याचा आनुवंशिक दोष) व रक्त गोठवणाऱ्या अकराव्या घटकाची कमतरता यांसाठीची जनुकीय तपासणी समाविष्ट केलेली आहे. आपण वापरलेल्या कांडीवरील वळूचा क्रमांक आणि केंद्राचे नाव पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत त्या केंद्राला कळवून या चाचण्यांचा निकाल लेखी मागवावा. गाईच्या रक्ताची जनुकीय तपासणी करता आली तर उत्तमच. परंतु ती झाली नाही तरी गाय ठेवता येते, कारण चाचणीत दोषमुक्त ठरलेला वळू वापरल्यास या दोषाचे आजारी वासरू जन्मणार नाही. तिची काही वासरे वाहक होतील, त्यांना स्वतःला त्रास होणार नाही. फक्त तिच्या पोटचा गोऱ्हा वळू म्हणून राखू नये.

प्रश्न : वासराला जन्मतः गुदद्वारच नव्हते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि वासरू जगले. आता कालवड चांगली दिसते आहे. तिला पुढे गाभण करावे काय? — एक वाचक, ता. फलटण

उत्तर : शस्त्रक्रिया वेळेवर झाली हे चांगले झाले. या दोषात पहिल्या एक-दोन दिवसांत शेण पडत नाही, वासरू कुंथते, पोट फुगत जाते. कुंथताना शेपटीखालची त्वचा फुगून येत असेल तर आतडे तिथपर्यंत आलेले असते आणि केवळ त्वचेचा पडदा उघडावा लागतो. आतडे वरच संपलेले असेल तर परिणाम सहसा चांगला नसतो. काही कालवडींत शेण योनिमार्गातून येते, तेही याच व्यंगाचे रूप आहे.

या व्यंगामागे आनुवंशिकतेचा वाटा मानला जातो, त्यामुळे शस्त्रक्रियेने वाचवलेली कालवड पुढच्या पिढीसाठी न वापरणे हाच सुरक्षित मार्ग आहे. हा सल्ला कटू वाटतो, याची मला कल्पना आहे. पण शस्त्रक्रियेने बदलते ते त्या एका जनावराचे शरीर. तिची जनुके होती तशीच राहतात.

याच्याशी दिसायला मिळते-जुळते, पण वेगळे असे एक व्यंग आहे. त्यात गुदद्वार असते, मात्र मोठे आतडे मध्येच तुटलेले असते. होल्स्टीन गायींत या व्यंगाचा संबंध आनुवंशिकतेबरोबरच, पहिल्या सहा आठवड्यांच्या आत गुदमार्गातून हात घालून गर्भाची नाजूक पिशवी चिमटीत धरून गाभण तपासण्याशीही जोडला गेला आहे. ‘गाय राहिली का ते लवकर सांगा’ असा आग्रह पशुपालक धरतात आणि कृत्रिम रेतन करणारे सेवादातेही तो पुरवतात. ही घाई टाळावी.

प्रश्न : आमच्या गावात गेल्या दोन महिन्यांत पाच-सहा गायींना पाय वाकडे, सांधे आखडलेली वासरे झाली, दोन तर पोटातच अडली आणि मेली. गायी वेगवेगळ्या वळूंनी भरवलेल्या होत्या. गावातील जाणती माणसे म्हणतात की ग्रहणात गाभण गायी बाहेर चरत होत्या. काय समजावे? — एक पशुपालक, ता. शिरोळ

उत्तर : गायी वेगवेगळ्या, वळू वेगवेगळे आणि वासरे एकाच हंगामातली, हे पाहता आनुवंशिकतेची शक्यता फार कमी आहे. आनुवंशिक दोष एका गोठ्यात, एका वंशात पुन्हा पुन्हा डोकावतो. तो सगळ्या गावात एकाच वेळी उमटत नाही. गावभर आणि एकाच काळात व्यंगे दिसली तर गर्भ वाढत असताना बाहेरून काय घडले ते शोधावे लागते.

ग्रहण आणि व्यंग यांचा काहीही संबंध नाही. मात्र ‘त्या काळात काहीतरी झाले होते’ ही जाणत्यांची मूळ शंका मला चुकीची वाटत नाही; ‘तो काळ’ कोणता, एवढेच त्यांनी चुकीचे ठरवले आहे. वाकडे पाय आणि आखडलेले सांधे घेऊन येणाऱ्या वासरांच्या साथीमागे जगात अनेक ठिकाणी ‘अकाबाने’ हा विषाणू आढळला आहे. जपानमधील ज्या गावाच्या परिसरात १९५९ मध्ये तो प्रथम मिळाला, त्याच गावाचे नाव त्याला दिले आहे. तो क्युलिकॉइड्स जातीच्या अगदी बारीक, चावणाऱ्या माश्यांमार्फत पसरतो. गाईला ताप येत नाही, दूध फारसे घटत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण गाय तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गाभण असेल तर गर्भाच्या मेंदूची आणि सांध्यांची हानी होते आणि ती दिसते तीन-सहा महिन्यांनंतर, विताना. युरोपात २०११ मध्ये जर्मनीतील श्मालेनबेर्ग गावाच्या नावाने ओळखला जाणारा असाच विषाणू एकाएकी पसरला आणि पुढच्या वसंतात हजारो कोकरे व वासरे व्यंगे घेऊन जन्मली. तिथेही सुरुवातीला कोणाला कारण उमगले नव्हते.

आपल्या गावात हेच घडले असे मी पत्रावरून म्हणणार नाही. यापुढे असे वासरू जन्मल्यास, शक्यतो चीक पाजण्यापूर्वी, त्याच्या रक्ताचा नमुना पशुधन विकास अधिकाऱ्यांमार्फत रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे पाठवावा. चीक प्यायल्यावर आईची प्रतिद्रव्ये वासराच्या रक्तात मिसळतात आणि गर्भातच संसर्ग झाला होता की नाही, हे सांगणे कठीण होते. मेलेले वासरू खड्ड्यात टाकण्याआधी शवविच्छेदनाला दाखवावे. सोबत आणखी दोन गोष्टींची चौकशी करावी. गाभणकाळाच्या पहिल्या दीड महिन्यात गायींना अल्बेंडाझोल गटातील जंतनाशक दिले होते काय? हे औषध त्या काळात गर्भाला घातक ठरू शकते. आणि दुष्काळी महिन्यांत गायी हिरव्या चाऱ्याशिवाय केवळ कडबा, पाचट, उसाचे वाढे यांवर काढल्या होत्या काय? अ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने वासरे आंधळी आणि अशक्त जन्मतात; सांधे आखडण्यामागे ते एकटे कारण सहसा नसते, पण वासरांचे डोळे निस्तेज असतील तर तेही तपासावे.

केवळ पुढच्या पायांचे स्नायू आखडलेले, अन्यथा तरतरीत असे वासरू असेल तर त्याला मारू नये. मऊ कापूस गुंडाळून बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दिवसातून दोन-तीनदा पाय हळूहळू ताणून दिले तर अशी बरीच वासरे काही दिवसांत सरळ उभी राहतात.

प्रश्न : गाईला जुळे झाले, एक गोऱ्हा आणि एक कालवड. कालवड विकत घेणारा म्हणतो, ही वांझ निघेल. खरे काय? — ता. संगमनेर

उत्तर : त्याचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या कालवडींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वांझ असतात, कारण गर्भाशयात दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याकडील संप्रेरके कालवडीच्या जननेंद्रियांची वाढ बिघडवतात. हा आनुवंशिक दोष नाही. गाईवर वा वळूवर ठपका ठेवण्याचे कारण नाही. कालवड तीन-चार आठवड्यांची असतानाच पशुवैद्यकाकडून योनिमार्गाची खोली गुळगुळीत, बोथट नळीने मोजून घ्यावी. निरोगी कालवडीत ती साधारण १२ ते १५ सेंटीमीटर भरते, वांझ जुळ्या कालवडीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. शंका राहिल्यास रक्ताची गुणसूत्र तपासणी करता येते. तोवर ती ‘होणारी गाय’ म्हणून विकू नये. गोऱ्ह्याची वाढ मात्र सहसा चांगली होते.

प्रश्न : आमच्या वाडीत सर्व खिलार गायींसाठी एकच वळू गेली सात-आठ वर्षे आहे. जातिवंत आहे, शर्यतीच्या बैलांचा बाप म्हणून नाव आहे. हल्ली त्याच्या स्वतःच्या मुलीही त्याच्याकडेच नेल्या जातात. यात काही धोका आहे काय? — एक खिलार पालक, ता. आटपाडी

उत्तर : धोका आहे, आणि तो देशी जातींत आपण समजतो त्याहून मोठा आहे. बाप आणि लेक यांच्या समागमातून झालेल्या वासरात अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के येते. सावत्र भाऊ-बहिणींच्या वासरात साडेबारा टक्के, तर चुलत भावंडांच्या वासरात सव्वासहा टक्के. याचा अर्थ असा की बाप-लेकीच्या वासरात कोणत्याही जागेवरची दोन्ही जनुके एकाच पूर्वजाच्या एकाच जनुकाच्या प्रती असण्याची शक्यता चारात एक आहे. त्या वळूत एखादा अप्रभावी दोष लपलेला असेल तर तो उघड व्हायला याहून सोपी वाट नाही. पुष्कळदा दोष व्यंगाच्या रूपाने दिसत नाही. वासरे लहान जन्मतात, रोगाला लवकर बळी पडतात, कालवडी उशिरा माजावर येतात, गायी उलटतात, आणि हे सारे ‘पाणी मानवत नाही’ म्हणून सोडून दिले जाते.

खिलार कालवड पहिल्यांदा विते ती साधारण चार वर्षांच्या आसपास, म्हणून वळू तीन वर्षांहून अधिक एका वाडीत ठेवला की त्याच्या मुली त्याच्यासमोर माजावर येणार हे ठरलेलेच आहे. उत्तम वळू बाद करण्याची गरज नाही, त्याचे गाव बदलावे. शेजारच्या पंचक्रोशीतील, नात्याने लांब असलेल्या वळूशी दोन-तीन वर्षांनी अदलाबदल केली तर दोन्ही गावांचा फायदा होतो. त्यासाठी कोणत्या गाईला कोणता वळू दाखवला, याची नोंद मात्र हवी. सध्या ती बहुतेक ठिकाणी मालकाच्या डोक्यातच असते. देवणी, लाल कंधारी, डांगी यांच्या पैदासकारांनीही हे पाहावे, कारण त्यांची जनावरे संख्येने खिलारपेक्षा कमी आहेत आणि नामवंत वळूही मोजकेच आहेत.

शर्यतीच्या नावाबद्दल एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते. एकच अंड उतरलेला किंवा जबडा पुढे-मागे असलेला गोऱ्हा केवळ बापाच्या कीर्तीवर वळू म्हणून राखल्याचे मी पाहिले आहे. असा गोऱ्हा पैदाशीसाठी ठेवू नये, बाप कितीही मोठा असो.

प्रश्न : आयात केलेल्या वळूंच्या माहितीपत्रकावर नावापुढे ‘टीएल’, ‘टीव्ही’, ‘सीव्ही’ अशी अक्षरे असतात. परदेशी वळू म्हणजे निर्दोषच ना? — एक तरुण दुग्धव्यावसायिक, ता. इंदापूर

उत्तर : परदेशी म्हणजे निर्दोष असे मुळीच नाही, उलट होल्स्टीन जातीतील ज्ञात दोषांचा इतिहास परदेशी वळूंचाच आहे. फरक एवढाच की तिथे वंशावळी लिहिलेल्या असतात आणि दोष लपवला जात नाही. ‘टीएल’ म्हणजे ब्लॅडसाठी तपासून दोषमुक्त ठरलेला, ‘बीएल’ म्हणजे त्याचा वाहक. ‘टीव्ही’ म्हणजे सीव्हीएमसाठी दोषमुक्त, ‘सीव्ही’ म्हणजे त्याचा वाहक. अक्षरे नसतील तर ‘दोषमुक्त’ असे गृहीत धरू नये, विचारून घ्यावे.

१९६२ मध्ये जन्मलेल्या ‘पॉनी फार्म आर्लिंडा चीफ’ या अमेरिकी वळूचे उदाहरण याबाबत बोलके आहे. त्याच्या मुलींची संख्या सोळा हजार, नातींची पाच लाख आणि पणतींची वीस लाखांहून अधिक सांगितली जाते. होल्स्टीन जातीच्या एकंदर जनुकसंचातील सुमारे १४ टक्के वाटा त्याच्याकडून आलेला आहे. त्याच्याकडे एका जनुकात असा बिघाड होता की त्याच्या दोन प्रती एकत्र आल्या तर गर्भ गाभणकाळातच मरतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या एका बिघाडामुळे जगभर सुमारे ५,२५,००० गर्भपात झाल्याचा आणि ४२ कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचा अंदाज दिला. त्याच संशोधकांनी हेही नमूद केले की चीफच्या वंशातून दुधात झालेल्या वाढीचे मोल या नुकसानीच्या कित्येक पट आहे. म्हणून परदेशात वाहक वळू सरसकट बाद करत नाहीत. वाहक वळू वाहक गाईला लावायचा नाही, एवढे पथ्य पाळतात.

ते पथ्य आपल्याकडे पाळता येत नाही, आणि माझ्या मते या विषयातील आपली खरी अडचण हीच आहे. आपल्या गाईचा बाप कोण, आजा कोण, हे बहुतेक गोठ्यांत सांगता येत नाही. वीस गायींत एक आणि वीस वळूंत एक वाहक आहे असे केवळ हिशेबासाठी धरले, तर सोळाशे वासरांमागे एक दोषी निघेल आणि ते कोणाच्या खिजगणतीतही येणार नाही. पण एकच वाहक वळू तालुकाभर वापरला गेला, तर ऐंशी वासरांमागे एक अशी वेळ येईल. गाईची वंशावळ अंधारात असल्यामुळे आपल्याकडे केवळ दोषमुक्त वळूच वापरावा. वळू दोषमुक्त असला की गाय वाहक असली तरी त्या दोषाचे आजारी वासरू होत नाही, आणि लाखो गायी तपासण्यापेक्षा शेकडो वळू तपासणे केव्हाही स्वस्त पडते.

रेतन झाल्यावर रिकामी कांडी सेवादात्याकडून मागून घ्यावी. तिच्यावरील वळूचा क्रमांक, केंद्राचे नाव आणि तारीख गाईच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याच्या क्रमांकासह वहीत लिहावी, शिवाय सेवादात्याने ती ऑनलाइन नोंदीत चढवली आहे ना, हेही विचारावे. कांडी द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून गाय भरवून घेऊ नये.

प्रश्न : पाच महिन्यांच्या गोऱ्ह्याच्या बेंबीजवळ लिंबाएवढी गाठ आहे. दाबली की आत जाते. वळू म्हणून ठेवायचा विचार होता. — ता. दौंड

उत्तर : दाबल्यावर आत जाणारी गाठ बहुधा बेंबीचा हर्निया असतो, म्हणजे बेंबीपाशी पोटाच्या भिंतीत राहिलेल्या भोकातून आतील भाग बाहेर डोकावतो. गरम, दुखरी आणि आत न जाणारी गाठ असेल तर ते बेंबीतील पू किंवा जुना संसर्ग असू शकतो, आणि नाळेला आयोडीन न लावलेल्या वासरांत तो नेहमी दिसतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. भोक दोन बोटांपेक्षा लहान असेल तर ते काही वेळा आपोआप भरते, पण पाचव्या महिन्यातही गाठ आत-बाहेर होत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. होल्स्टीन वंशात बेंबीच्या हर्नियाचा आनुवंशिक कल आढळला आहे; म्हणून शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी हा गोऱ्हा पैदाशीला न ठेवता त्याचे खच्चीकरण करून घ्यावे, आणि त्याच्या बापाच्या इतर वासरांत अशा गाठी आहेत काय, याची गावात चौकशी करावी. दोन-तीन ठिकाणी त्या आढळल्यास वळूच्या क्रमांकासह रेतकेंद्राला पत्राने कळवावे.